एकेचाळीस आमेन

खुशालने अंगठा दाबून धरला, 'डिलीट' निवडलं आणि घाईत नको तोच पर्याय दाबला. चार मिनिटं अकरा सेकंदांची ती व्हॉइस नोट नाहीशी झाली, पण फक्त त्याच्या फोनवरून. युवक संघाच्या ग्रुपमधल्या बाकी बासष्ट जणांकडे ती होती तशीच राहिली आणि तिच्याखाली एकामागून एक 'आमेन' पडत राहिले.

चूक सकाळी सहाची. पास्टरसाहेब आणि युवक संघ, दोघांनाही त्याने फोनमध्ये सगळ्यात वर, शेजारीशेजारी ठेवलं होतं. हिमांशूची नोट आली, सुरुवातीचं ऐकूनच हा विषय पास्टरसाहेबांचा आहे हे त्याच्या लक्षात आलं, त्याने ती पुढे पाठवली आणि आंघोळीला गेला. बाहेर येऊन पाहतो तर सव्वीस आमेन. पास्टरसाहेब एकटे माणूस, इतके आमेन कुठून लिहिणार!

कुडव्याच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत खुशालनेच ही रीत पाडली होती. शनिवारी पोरापोरींनी प्रार्थनेच्या विनंत्या त्याच्याकडे पाठवायच्या, त्याने नाव वगळून 'एक भाऊ', 'एक बहीण' असं लिहून ग्रुपवर टाकायच्या आणि बाकीच्यांनी प्रार्थना करून खाली आमेन लिहायचं. नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर पोरं घरी न बोललेलं त्याच्याशी बोलत. ग्रुप कधीच सोडून गेलेल्या हिमांशूनेही त्याच भरवशावर या नोटमध्ये सांगितलं होतं, की नागपूरच्या कॉलेजात दोन वेळा पेपरच दिले नाहीत, एका हॉटेलात काम करतोय आणि घरी कुणाला माहीत नाही.

घरी म्हणजे त्याचे वडील, मुर्रीचे देवचंद. मंडळीचा कारभार बघणारे एल्डर, शब्दाला कडक. ग्रुप सुरू झाला तेव्हा त्यांनीच अट घातली होती, की पोरांच्या मोबाइलात काय चालतं ते बघायला एक एल्डर आत असलाच पाहिजे. मग तो एल्डर कोण, तर तेच.

यादीतला पहिला आमेन त्यांचा होता.

खुशाल मार्ग शोधू लागला. 'कुणी ऐकू नका' असं ग्रुपवर लिहावं, तर न ऐकणारेही कान लावून बसतील. गप्प बसावं, तर रविवारपर्यंत गावभर होईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी त्याने गाणी म्हणणाऱ्या अंजूला फोन लावला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"अंजू, सकाळची विनंती आयकली का?"

"कोनती, दादा?"

"ज्याच्याखाली तू आमेन लिहिलं ते."

"सगळेच लिहून राहिले होते, म्हनून मी बी लिहिलं." ती हसली. "चार मिनटाची होती न दादा. इतकं कोन आयकते? काही खास होतं का?"

"नाही, नाही. काही नाही."

मग त्याने ग्रुपमधल्याच ओमेशला विचारलं.

"आयकलो न, दादा!" ओमेश उत्साहाने म्हणाला. "एकदम बढिया भजन आहे."

खुशालने आणखी नऊ-दहा जणांना विचारून पाहिलं. एकानेही ऐकलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचाच राग आला. एक पोरगा जीव तोडून बोलला आणि हे सगळे हात जोडून पुढे निघून गेले. येत्या रविवारी या विषयावर सगळ्यांना चांगलं फैलावर घ्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं. पण त्याआधी मुर्रीला जाणं भाग होतं. आतापर्यंत एकेचाळीस आमेन झाले होते आणि त्यातल्या एकाचीच त्याला भीती वाटत होती.

देवचंद अंगणात ताडपत्रीवर धान पसरत होते. त्यांच्या पत्नी यशोदाबाई बाजेवर गादी उन्हात टाकत होत्या. खुशालने गाडी लावली आणि फाटकाशीच उभा राहिला.

"जय मसीह की, काकाजी."

"जय मसीह की. आज दुकान बंद ठेवला का गा?"

"नाही, जाऊनच राहिलो. ते... सकाळची विनंती आयकली का तुमी?"

देवचंदांनी पायाने धान सारखं केलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी कायले आयकू? पोरायच्या गोष्टी त्या. आमेन लिहून देतो न मोकळा होतो."

"मंग बरं झालं."

"बरं काऊन?"

"नाही, असंच."

"उभा काऊन आहेस? चहा घेऊन जाय."

खुशालने तो चहा इतक्या घाईने प्याला, की जीभ पोळली. यशोदाबाई एरवी त्याच्या लग्नाची चौकशी केल्याशिवाय त्याला सोडत नसत. आज त्या गादीच झटकत राहिल्या. त्याला तेवढंच बरं वाटलं. वाचलो, असं मनाशी म्हणत त्याने गाडी काढली.

मुर्रीच्या वळणावर फोन वाजला. हिमांशूचा होता. मागे कंडक्टरचा आवाज येत होता.

"दादा, मी बसमंदी आहो. दुपारी घरी पोचतो."

"घरी?"

"बाबाचा फोन आलता, साडेसहाले. म्हने, पेपरचं समजलं मले. तू निघून ये, धान घरी आनायचं आहे, मानूस कमी पडून राहिला." हिमांशूने आवाज खाली आणला. "रागावले नाही, दादा. एक शब्द बी नाही बोलले."

खुशालने गाडी कडेला घेतली. ऊन चांगलंच वर आलं होतं आणि त्याचे डोळे आपोआप भरून आले. सकाळपासूनचा जीवाचा घोर एका क्षणात उतरला. आणि देवचंदकाकांनी त्याच्या तोंडावर, धानात पाय फिरवत, किती सफाईने थाप मारली होती!

"तुमचे लय उपकार झाले," हिमांशू म्हणत होता. "मले वाटलं, तुमी नाही आयकत. पन शेवटी जे बोललो, ते तुमी केलं."

"हो," खुशाल म्हणाला. "तू ये. संध्याकाळी भेटू."

खुशालने फोन ठेवला. शेवटी हिमांशू काय बोलला होता? त्याने हिमांशूचं चॅट उघडलं. मूळ नोट तिथे होतीच. या वेळी त्याने ती कानाला लावली आणि पहिल्या मिनिटाला न थांबवता ऐकली. कॉलेज, हॉटेल, खोलीतले दोघे, न खाल्लेली जेवणं, सगळं येऊन गेलं. चौथ्या मिनिटाला हिमांशू मुद्द्यावर आला.

"दादा, आता तं प्रार्थना बी होत नाही माझ्यानं. एक काम करा. पास्टरले नका सांगू. बाबाले सांगा. तुमीच सांगा. माझ्यानं नाही होत."

नोट संपली. तिच्या खाली, सहा वाजून एक मिनिटाने खुशालने स्वतः पाठवलेलं उत्तर होतं.

आमेन.