रुखमाबाईंच्या नावाची सायकल

मी एक जुनी सायकल आहे. रामदासपेठेतल्या जितेंद्रभाऊंच्या आई, रुखमाबाई, ज्या वर्षी वारल्या, त्याच वर्षी मला विकत घेतलं गेलं. कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. वस्त्यांमधल्या कितीतरी मुली परत शाळेत आल्याच नव्हत्या. लांबच्या रस्त्यापायी मुलींचं शिक्षण सुटू नये म्हणून एका मंडळाने सायकली वाटायचं ठरवलं. जितेंद्रभाऊंनी आईच्या नावाने मला दिलं. साखळीच्या झाकणावर पेंटरकडून ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'कै. रुखमाबाई यांच्या स्मरणार्थ'. अक्षरं वाळेपर्यंत ते माझ्याजवळ उभे होते.

मी दामिनीच्या वाट्याला आले. तिला वडील नव्हते. आई शोभा जितेंद्रभाऊंकडेच धुणीभांडी करायची. आजोबा नत्थूजी हातमाग बंद पडल्यापासून घरीच असत. शाळा नंदनवन भागात आणि घर त्याच्याही खूप पलीकडे. मधला रस्ता मोकळ्या प्लॉटांचा आणि कुत्र्यांचा. मी आले आणि दामिनीची शाळा पुन्हा सुरू झाली. मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. दामिनी मला ओढणीने पुसायची आणि उगाचच घंटी वाजवायची.

मग चौकातल्या पोरांनी माझ्यावरची अक्षरं वाचली.

"बाजू व्हा रे, रुखमाबाई येऊन राहिल्या! पाया पडा!"

"काहून वं म्हातारे, स्वर्गातून सायकलवर आली का?"

एक जण तर रोज माझ्या चाकाला हात लावून नमस्कार करायचा. दामिनी मान खाली घालून पायडल मारायची. एक दिवस तिने मला भिंतीला आदळलं.

"आबा, मी उद्यापासून शाळेत नाही जात."

"काहून वं?"

"पोट्टे मले मेलेली बाई म्हणून राहिले."

नत्थूजी माझ्याजवळ येऊन बसले. दाराचा उरलेला निळा रंग घरात होता. त्यांनी बोटाला चिंधी गुंडाळली आणि एकेक अक्षर झाकलं. मागावर सुताचा तुटलेला धागा जोडावा, इतक्या हळुवारपणे. दामिनी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

रुखमाबाईंच्या पुण्यतिथीला जितेंद्रभाऊ मिठाईचा डबा घेऊन वस्तीत आले. माझ्यासोबत दामिनीचा फोटो काढायचा होता. ते माझ्यासमोर वाकले आणि तसेच थांबले.

"शोभा, आईचं नाव कुठं आहे?"

नत्थूजी हात जोडून पुढे आले. "भाऊ, पोट्टे पोरीले चिडवत होते. म्याच रंग लावला."

"चिडवलं म्हणून माझ्या आईले मिटवून टाकलं?" जितेंद्रभाऊ नखाने निळा रंग खरवडू लागले. ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. पण त्या दिवशी त्यांना समोरची मुलगी दिसली नाही. मला ते परत घेऊन गेले.

माझ्यावर नाव पुन्हा लिहिलं गेलं, आधीपेक्षा मोठं. 'चांगल्या घरची गरजू मुलगी' मिळाली की मला द्यायचं ठरलं. तशी मुलगी अजून मिळालेली नाही. मी रामदासपेठेत जिन्याखाली उभी असते. माझे टायर बसले आहेत. शोभा रोज माझ्यावरून नजर चुकवत वर भांडी घासायला जाते.

दामिनी काही दिवस पायी शाळेत गेली, हे मला जिन्यातल्या शोभाच्या बोलण्यातून कळलं. हिवाळ्यात घरी पोहोचेपर्यंत अंधार व्हायचा. एका संध्याकाळी दोघं जण प्लॉटांपर्यंत तिच्या मागे आले. शोभाने दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद केली. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती.

मागच्या दिवाळीत जितेंद्रभाऊंनी जिन्यात सहज विचारलं, "दामिनी काय करते आता?"

"धंतोलीत एका दवाखान्यात झाडूपोछा करते, भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात हवा भरून घेतली. शोभाला म्हणाले, "घेऊन जा सायकल."

"आता कोणासाठी नेऊ, भाऊ? शाळेतून नाव कमी झालं तिचं."

हवा हळूहळू पुन्हा गेली.

मित्रांनो, एखादीला काही द्याल, तर ते तिचं होऊ द्या. तुमची आठवण तुमच्याजवळ ठेवा. लहान मुलीच्या पाठीवर ती लादू नका.

शोभा जिन्यात कोणाला तरी सांगत होती, नत्थूजी घरात कोणाशी बोलेनासे झाले होते. "पोरीची शाळा म्याच बुडवली," एवढंच म्हणायचे. नत्थूजी यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वारले.