पाणबुड्याच्या खोट्या नोंदी

साहेबांनी पेन्सिलीचं टोक कानात फिरवलं, न्याहाळलं आणि तेच कागदावर टेकवलं.

"इथं सही, ताई. शेवटच्या वहीवर वडिलांची सही राहिलीय. वारस म्हणून लिहून द्या, नोंदी जशाच्या तशा खऱ्या आहेत."

तिचे वडील जाऊन सव्वा महिना झाला होता. तीस वर्षं ते या मत्स्यखात्याचे पाणबुडे. मासे अंडी घालतात ती समुद्रातल्या गवताची कुरणं त्यांनी बुड्या मारून शोधली, वहीत उतरवली. त्याच वहीवरून आता राखीव क्षेत्र आखलं होतं. त्या क्षेत्राला लावायची त्यांच्या नावाची पाटी भिंतीला टेकून उभी होती.

तिने नकाशावरच्या राखीव क्षेत्रावर बोट ठेवलं.

"इथं नुसती वाळू आहे, साहेब. वही चोरट्या जाळेवाल्यांच्या हाती लागली तर कुरण साफ होईल, म्हणून बाबा प्रत्येक जागा मुद्दाम मैलभर उत्तरेला लिहायचे."

"माहीत आहे की! निवृत्त होताना सांगून गेले. भला माणूस."

"मग?"

"मग काय! खऱ्या जागी बंदराचा गाळ टाकायचाय. वहीप्रमाणे तिथं काहीच नाही. मंत्री खूश, बंदर खूश, वडिलांचं नाव अमर."

"आणि वाळूला कडेकोट संरक्षण," शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला. दोघं पोट हलेपर्यंत हसले.

एक आकडा खोडला गेला तर बाबा अख्खं पान पुन्हा लिहायचे. तिने पेन उचललं. दोन्ही प्रतींतल्या छापील ओळीवर काट मारून खाली लिहिलं: या नोंदी खोट्या आहेत. माझ्या वडिलांनी त्या जाणूनबुजून खोट्या लिहिल्या. खरी जागा एक मैल दक्षिणेला आहे.

"अहो, मेलेल्या बापाला खोटारडा ठरवताय? पाटी भंगारात जाईल. लोक नावं ठेवतील," साहेब म्हणाले.

"ठेवू देत," ती म्हणाली. तिने नीट सही केली. "पोच द्या."

"देऊन टाका हो," साहेब कारकुनाला म्हणाले. "कागद घेतला म्हणजे वाचला असं थोडंच आहे!"

शाईचा पॅड वाळला होता. कारकून त्यावर थुंकला, शिक्का घोळवून तिच्या प्रतीवर दाबला. तारीख पुसट उठली.

"दिसत नाही," ती म्हणाली. "पुन्हा मारा."