डोरीनच्या शेजारी उभी असलेली

इंग्लंडमधल्या आमच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, काळ्या कर्मचाऱ्यांची संघटना आहे. त्यात जमैकाचे आहेत, नायजेरियाचे आहेत आणि आपण भारतीयही आहोत. हे कॉव्हेंट्रीतल्या माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. असो.

२००६च्या जानेवारीत मी पहिल्यांदा वार्षिक सभेला गेले. सभेत डोरीन संघटनेचा इतिहास सांगायची. ती सत्तरीची, एकेकाळची सफाई कामगार. त्या दिवशी एक मॅनेजरही आला होता. संघटनेची खोली ठेवायची की काढून घ्यायची, हे त्याला ठरवायचं होतं, म्हणून आम्ही सगळे जरा सावरूनच बसलो होतो.

डोरीन बोलू लागली. हीटरच्या उबेत डोळे जड झाले आणि भिंती कुठे गेल्या कळलंच नाही. एकोणऐंशी साल. सफाईच्या बायकांना ऑफिसातल्या नोकरीसाठी अर्जच करू देत नव्हते. म्हणून दोघीजणी मुख्य दारासमोर दिवसभर बर्फात उभ्या राहिल्या. संघटना तिथून सुरू झाली. तो बर्फ मला माझ्या पापण्यांवर जाणवत होता.

"आणि माझ्या शेजारी," डोरीन म्हणाली, "आपली वीणा."

वीणा म्हणजे मी. एकोणऐंशीत मी नागपूरला पहिलीत होते.

म्हातारीला भ्रम झालाय असं मॅनेजरला वाटलं तर खोली गेलीच. पण खोटं मला पचत नाही. आणि त्याने नेमकं विचारलंच, "तुम्ही होतात तिथे?"

"नाही," मी म्हणाले. "मी तेव्हा सहा वर्षांची होते."

मला डोरीनकडे बघवेना. ती मात्र शांतपणे हसली.

"मला माहितीये गं. जी होती, तिने साडीवर पुरुषी कोट घातला होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तिची भाषा. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. तिचं नाव सांगणारं कुणी उरलंच नाही. म्हणून दर वर्षी तुमच्यातल्या एकीला मी तिथे उभी करते. एकटीने उभं राहिल्याचं सांगितलं तर ते खोटं होईल."

बाकी सगळ्यांना हे ठाऊक होतं. मलाच कुणी आधी सांगितलं नव्हतं, याचा मला रागच आला. मॅनेजर "फार छान" म्हणाला आणि महिन्याभरात त्याने खोली काढून घेतली.

डोरीन त्या शरदात गेली. पुढच्या जानेवारीत आम्ही लायब्ररीच्या एका कोपऱ्यात जमलो आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरुवात केली. दार आलं, बर्फ आला, डोरीन आली. तिच्या शेजारी मी नुकत्याच कामाला लागलेल्या ऋजुताला उभी केली.

इथेच वाढलेली ती पोर माझ्या कानाशी कुजबुजली, "पण वीणामावशी, मी तर तेव्हा बॉर्नपण नव्हते."

"माहितीये," मी म्हणाले. "कोट नीट लपेटून घे. संध्याकाळपर्यंत उभं राहायचंय आपल्याला."