शनिवारची वही

शुक्रवारी बेसबॉलच्या क्लबांचे चौदा पारखी आले होते. ग्रेडी थिगपेनने हात मागे नेला की वेग मोजणाऱ्या चौदा रडार गन एकदम वर जायच्या आणि चेंडू सुटला की चौदा माना एकदम खाली, आकडा बघायला. सत्त्याण्णव मैल. पुन्हा सत्त्याण्णव. आठ डाव, एकशे अठरा चेंडू, आणि समोरचे फलंदाज एकामागून एक हात हलवत परत. अलाबामाच्या या कोपऱ्यातल्या कॉलेजात असा फेकणारा, असा पिचर वीस वर्षांत झाला नव्हता. जुलैच्या ड्राफ्टमध्ये मोठे क्लब आळीपाळीने पोरं उचलतात, त्यात ग्रेडी पहिल्या पाचांत जाणार, हे गावच्या न्हाव्यानेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी तेरा पारखी गाड्या हाकत पुढच्या गावच्या पुढच्या पिचरकडे गेले. मागे राहिला तो एकटा व्हर्नन टील.

टील एकसष्ट वर्षांचा होता. एकोणतीस वर्षं एकाच क्लबासाठी पोरं हेरत हिंडलेला, मोटेलच्या गाद्यांनी पाठ कामातून गेलेला आणि त्यामुळे जरा तिरसट. त्याचं एक खूळ होतं. पिचर ज्या दिवशी फेकत नाही, त्या दिवशी त्याला बघायचं. बोहल्यावरचा नवरा कुणालाही बराच दिसतो. खरा कसा आहे ते दुसऱ्या दिवशी कळतं. क्लबाच्या कचेरीत या खुळाला हसत. तिथला साहेब मार्शल चौतीस वर्षांचा होता. चेंडू हवेत किती गिरक्या घेतो हे त्याला कॅमेरे सांगत. टीलकडून त्याला एकच रकाना भरून हवा होता, पोरगा माणूस म्हणून कसा आहे. क्लबाची पाळी चौथी होती आणि मार्शलचं मन थिगपेनवर बसलं होतं.

टीलचंही बसलं होतं, खोटं कशाला बोला. एकोणतीस वर्षांत त्याने हेरलेला एकही पोरगा पहिल्या फेरीत गेला नव्हता. येत्या हिवाळ्याआधी त्याचा करार संपत होता, आणि कॅमेऱ्यांच्या जमान्यात म्हाताऱ्या डोळ्यांना कोण विचारतो? थिगपेन लागला असता तर त्याच्या नावाशेजारी टीलचं नाव कायमचं राहिलं असतं.

कॉलेजच्या संघात रीत अशी, की काल फेकलेल्या पिचरने आज प्रेक्षकांत बसून वही लिहायची. फलंदाजाच्या बरोबर मागे, पारख्यांच्याच रांगेत बसायचं, आणि आपला गडी फेकतो त्या प्रत्येक चेंडूचा वेग मांडायचा. ग्रेडी वही आणि रडार गन घेऊन आला आणि विचारून टीलशेजारी बसला. टीलने उकडलेल्या शेंगांची पिशवी पुढे केली. त्याने दोन शेंगा घेतल्या, डाव्या हाताने. तो उजव्या हाताचा पिचर, तो हात जपत असेल, असं टीलला वाटलं.

त्या दिवशी फेकत होता रुबेन सॅलिनास, ग्रेडीचा खोलीतला जोडीदार. याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. कुणी शेवटच्या फेरीत का होईना उचलावं, एवढीच त्याची आशा. चार डाव त्याने झकास काढले. पाचव्यात टीलच्या गनवर एक्क्याण्णव आलं, मग एकोणनव्वद, मग अठ्ठ्याऐंशी. टीलने सहज शेजारच्या वहीत डोकावलं. तिथे अठ्ठ्याऐंशीच्या जागी एक्क्याण्णव लिहिलं होतं. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच, वर तीन मैल फुकटचे.

गोड बोलणारा, विचारून बसणारा पोरगा, आणि वहीत खोटं लिहितो. मार्शलचा रकाना भरला म्हणायचा.

सहाव्या डावात रुबेन दर चेंडूनंतर उजव्या हाताची बोटं पँटवर घासू लागला. ग्रेडीची पेन्सिल थांबली. त्याने पुढचे दोन चेंडू लिहिलेच नाहीत, नुसता बघत राहिला. मग त्याने खोडरबर काढून मागचे सगळे आकडे पुसले, खरे लिहिले, आणि वही घेऊन तो पायऱ्या उतरून खाली कोचकडे गेला. कठड्यावरून वाकून त्याने कोचला वही दाखवली आणि बोट मैदानाकडे केलं. कोच मनाविरुद्ध उठला आणि रुबेनला बाहेर काढून आला.

रुबेनने जाता जाता ग्रेडीकडे असं बघितलं, की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. नव्या पिचरने सात चेंडूंत सगळी आघाडी घालवली. सामना हातचा गेला. मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "थिगपेन, काल जिंकलास, आज हरवलंस. फिटंफाट झाली रे!" लोक हसले. ग्रेडी वर आला आणि पुन्हा टीलशेजारीच बसला. सामना संपला, बाकं रिकामी झाली, तरी तो उठेना.

टीलने विचारलं, "तीन मैल वाढवून का लिहीत होतास?"

ग्रेडी दचकला नाही. "पारखी लोक माझ्या वहीत बघतात, सर. म्हटलं, कुणीतरी एक्क्याण्णव बघेल आणि त्याचं नाव टिपून नेईल."

"मग पुसलंस का?"

"तो बोटं घासत होता. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं की चेंडू हातात आहे की नाही तेच कळत नाही. मग माणूस कोपराने ढकलतो. तिथेच कोपर जातं."

"तुला कसं ठाऊक?"

मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे ग्रेडी बघू लागला. टीलनेही बघितलं आणि त्याला सगळं कळलं. त्या क्षणी त्याला वाटलं, आपण विचारलं नसतं तर फार बरं झालं असतं.

"कधीपासून?"

"मार्चपासून. काल सहाव्या डावानंतर काहीच लागत नव्हतं हाताला. आकडा मात्र सत्त्याण्णव यायचा, तो कसा ते देव जाणे."

कोचला का नाही सांगितलंस, असं टीलने विचारलं. ग्रेडी म्हणाला, दोन आठवड्यांवर मोठी स्पर्धा आलीय, कोच म्हणेल बर्फ लाव. वडिलांना सांगायची तर सोयच नव्हती. त्यांचं टायरचं दुकान. तिथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पोराच्या ड्राफ्टचं सांगत बसतात. गेल्या महिन्यात ते सांगता सांगता रडले होते.

"रुबेनला मी उठवलं, सर," ग्रेडी म्हणाला. "मला उठवायला कोण येणार? म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही लिहाल ना? एकदा तुम्ही लिहिलं की मला थांबवतीलच."

पोराला या धंद्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"नीट ऐक," तो म्हणाला. "मी लिहीन ते माझ्या साहेबाच्या टेबलावर जाईल. तो तुझ्या नावावर काट मारेल आणि गप्प बसेल. का, तर दुसरा एखादा क्लब तुला उचलून फसला तर आमचं बरंच आहे. पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी लिहिलं तरी शुक्रवारी तू पुन्हा तिथे उभा असशील आणि चौदा गन तुझ्यावर असतील."

"मग कशाला सांगितलं मी तुम्हाला," ग्रेडी स्वतःशीच म्हणाला.

नियम मोडला तर करार संपायचीसुद्धा वाट बघणार नाहीत, हे टीलला पक्कं ठाऊक होतं. आणि दुसरा क्लब? बाहेर बडबडणाऱ्या पारख्याला कुणी दारात उभं करत नाही. पहिल्या फेरीतला त्याचा एकुलता एक पोरगा शेजारी बसला होता, आणि त्याला त्या पोराचा राग येत होता. हा राग मिनिटभर टिकला. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि एकेक पायरी उतरत खाली गेला.

कोच बॅटी मोजून पिशवीत भरत होता. हरल्यामुळे घुश्शात होता, तरी टीलला बघून त्याने तोंड भरून हसू आणलं. "काय टील, आवडला ना आमचा पोरगा?"

"आवडला. शुक्रवारी त्याला उभा करू नका. उद्या त्याचं कोपर डॉक्टरला दाखवा."

कोचचं हसू गेलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एकोणतीस वर्षं बघतोय मी. माझ्या डोळ्यांना दिसलं."

"काल सत्त्याण्णव टाकलेत त्याने. चौदा जणांनी बघितलं, कुणाला काही दिसलं नाही. तुम्हालाच बरं दिसलं?"

टील पुढचं खोटं जुळवू लागला. इतक्यात त्याच्या पाठीमागे कठड्यापाशी बुटांचा आवाज झाला.

"मी सांगितलं, सर," ग्रेडी म्हणाला.