कोमातल्या आजोबांना चालायला बंदी

साहेब, तुम्ही माझ्या भावोजींना जिवंतपणी आडवं केलंत. चॅनलचे मालक असाल तुमच्या घरी. मी कुणाच्या बापाला भीत नाही, म्हणून तोंडावर सांगतो.

अर्धं आयुष्य हा माणूस स्टेजवर उभा राहिला. आवाज असा, की माइक नसताना शेवटच्या रांगेतला डुलक्या घेणारा दचकून जागा व्हायचा. तुम्ही त्यांना मालिकेत आजोबा केलंत आणि तिसऱ्याच आठवड्यात जिन्यावरून ढकलून कोमात घातलंत. का, तर आजोबा उठले की इस्टेटीच्या कागदावर सही करणार, भांडण मिटणार आणि तुमचं दुकान बंद होणार. तोफ विकत घेतलीत आणि तिच्यावर कपडे वाळत घातलेत.

भावोजी निमूट झोपले. ताई म्हणायची, "तिथे घोरू नका म्हणजे मिळवली."

"अगं, न घोरणं हाच तर अभिनय आहे."

मग भाजीबाजारात एका बाईंनी त्यांना गाठलं. "अगंबाई, आजोबा! शुद्धीवर कधी आलात? ती धाकटी सून मेली तिजोरीच्या किल्ल्या पळवतेय, आणि तुम्ही इथे वांगी निवडताय?" कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तुमच्या मॅनेजरचा फोन. करारात कलम आहे म्हणे: आजोबा कोमात असेपर्यंत चारचौघांत चालायचं नाही, प्रेक्षकांच्या भावना दुखावतात. आणि माणसाचे गुडघे दुखतात त्याचं काय?

तेव्हापासून भाजी मी आणतो.

पुढचं ऐका. शूटिंगमध्ये ती धाकटी सून उशाशी बसून रडत होती आणि रडता रडता वाक्य विसरली. एकदा नाही, पाचदा. नाटकाचा माणूस, राहवलं नाही. डोळे मिटलेलेच ठेवून भावोजींनी तिला पुढचं वाक्य सांगितलं. हळूच सांगितलं, पण त्यांचं हळू म्हणजे लाइटवाला शिडीवरून पडता पडता वाचला.

दिग्दर्शक ओरडला, "अहो, तुम्ही कोमात आहात!"

"मी आहे, मान्य. पण ही का कोमात गेलीय?"

सगळा सेट हसला. तुम्ही नाही हसलात. त्यांच्या चेहऱ्याचा रबरी पुतळा करून खाटेवर निजवलात. काम बंद, करार मात्र चालू, कारण चेहरा अजून कोमात आहे! शेजारच्या काकू परवा मला म्हणाल्या, "हल्ली तुझ्या भावोजींचं काम कसं छान संयत झालंय." भावोजी आतल्या खोलीत ऐकत होते.

आता त्यांना नाटक मिळालंय. म्हाताऱ्या न्यायाधीशाचं काम, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत उभं आणि बोलतं. पहिल्या तालमीला ताई डबा घेऊन गेली आणि दारातच खिळली. घरी येऊन म्हणाली, "ह्या माणसाशी मी लग्न केलं होतं रे. मधे कुठे गेला होता कोण जाणे." तेवढ्यात तुमच्या वकिलाची नोटीस: स्टेजवर पाऊल टाकलंत तर मालिकेचं नुकसान भरून द्या.

नाटकवाले उद्या संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत. मग दुसरा नट घेतील, त्यांचं तरी काय चुकलं? भावोजी फोनशेजारी खुर्चीत बसून वाक्यं पाठ करतायत. उभं राहून म्हणायला त्यांना आता घरातसुद्धा भीती वाटते. एवढा गडगडणारा माणूस कुजबुजतोय, साहेब.

तुमच्या मॅनेजरशी मला बोलायचं नाही, वकिलाशी तर नाहीच. तुम्ही स्वतः फोन करा आणि उद्या संध्याकाळच्या आत सांगा: पुतळा तुमच्याकडे आहेच, माणूस सोडता की नाही?