दिहियाचं दुपारचं जेवण

दिहियाचे लंगोट सुटले ते मल्हाच्या हातून. पोर अडीच वर्षांची होती, आई ताउस दिवसभर शाळेत शिकवायला. एका संध्याकाळी ती घरी येऊन पाहते तर मुलगी कोरडी ठणठणीत, आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाकडे स्वतःहून चालली आहे. त्यानंतर दोन वर्षांत एकदाही अंथरूण भिजलं नाही. शाळेतल्या बायका विचारायच्या, इतक्या लवकर कसं गं जमवलंस? ताउस म्हणायची, जमलं बाई. मल्हाचं नाव ती घेत नसे.

मल्हा तिची थोरली जाऊ. अझाझगा शहराच्या वर, डोंगरउतारावरच्या गावात दोघा भावांची घरं एकाच अंगणात समोरासमोर होती. थोरला अक्ली अंजिराची आणि ऑलिव्हची झाडं बघायचा, धाकटा मोक्रान खाली शहरात वीज खात्यात होता. मल्हाचे तिन्ही मुलगे केव्हाच समुद्रापार फ्रान्सला गेले होते, आणि मुलगी तिला झालीच नव्हती. वर्षाची दिहिया तिच्याकडे सोपवून ताउस कामावर परत रुजू झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, दोघींची सोय झाली. तशी ती झालीही. मल्हाकडे दुपारी जवाची भाकरी असायची, ऑलिव्हच्या तेलात बुचकळलेली. सुकी अंजिरं असायची, मसूर नाहीतर चणे, रानातला पाला घालून वाफवलेला रव्याचा कुस्कुस, आणि वर ताक. दिहिया हे सगळं मल्हाच्या मांडीवर बसून खायची आणि संध्याकाळी आईकडे यायची ती पोट तट्ट भरून. ताउसने दमून येऊन रांधलेल्या जेवणातले दोन घास चिवडायची आणि ताटली सरकवायची.

उन्हाळ्यात एका पुतणीच्या साखरपुड्याला सगळ्या बायका जमल्या होत्या. तिथे कुणा म्हातारीने दिहियाला जवळ ओढून विचारलं, तू कुणाची गं? दिहियाने मान वर न करता सांगितलं, "न्ना मल्हाची. यम्मा तर बाई आहे शाळेत." थोरलीला गावात मानाने न्ना म्हणतात, आईला यम्मा, आणि पोरीने ते इतक्या ठसक्यात म्हटलं की बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ताउसही हसली. मल्हा मात्र हसली नाही. तिने फक्त पोरीच्या केसांवरून हात फिरवला. तो हात ताउसच्या डोळ्यांसमोरून पुढे कितीतरी दिवस हलला नाही.

सप्टेंबरात शाळेत लहान मुलांचा वर्ग सुरू झाला. दिहियाला अजून पाच पूर्ण व्हायची होती, पण ताउसने मुख्याध्यापकांना गळ घालून तिचं नाव लावलं. आता मुलगी दिवसभर तिच्याजवळ राहणार होती, आणि दुपारी तिच्याच हातचं जेवणार होती. हे सांगायला ती मुद्दाम अंगणात गेली. मल्हा वेताच्या चटईवर अंजिरं उलटत बसली होती.

"न्ना, तुम्हाला आता जरा आराम," ताउस म्हणाली.

"मी कुठे मागितला होता?" मल्हा म्हणाली आणि पुढचं अंजीर उलटलं.

पहिल्या आठवड्यात दिहियाने डबा उघडून भाकरी कुठे आहे म्हणून विचारलं. ताउसने चंगच बांधला. मल्हाच्या घरात जे कधी दिसलं नसेल ते सगळं तिने डब्यात घालायला सुरुवात केली. पांढराशुभ्र पाव, चांदीच्या कागदातलं त्रिकोणी चीज, लोण्यात परतलेला पास्ता, केळं, बिस्किटं आणि चॉकलेटचं दूध. दूध तर सकाळी एक, दुपारी एक आणि झोपायच्या आधी एक असं व्हायला लागलं, कारण दिहिया ते मागायची आणि ताउसला ते मागणं फार गोड वाटायचं. पाण्याची बाटली भरलेली जायची, भरलेलीच परत यायची. एक दिवस पोर ओठांवरचं चॉकलेट चाटत म्हणाली, "न्ना मल्हा असलं देतच नाही." त्या वाक्यावर ताउस आठवडाभर खूश होती. मोक्रान एकदा म्हणाला, अगं, पोरीला जरा डाळबिळ घाल. त्यावर तिने विचारलं, तुम्हालाही आता समोरच्याच घरातलं आवडायला लागलं का?

ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी दिहियाचं अंथरूण ओलं निघालं. ताउसने फार मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, आणि मग आठवड्यातून चार-चार सकाळी. दिहिया उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी नाही केलं, आपोआप झालं, म्हणायची. तिला कुणी रागावत नव्हतं, तरी तिचं बोलणं कमी झालं.

ताउसच्या मनात पहिला विचार आला तो आजाराचा नव्हता. पोर मल्हासाठी झुरते आहे, हा होता. तिला माझ्याजवळ करमत नाही, आणि ते ती अंथरुणातून सांगते आहे. हा विचार एकदा शिरला तो निघेना. आणि तो मल्हाच्याही मनात येईल, गावातल्या बायका पाणवठ्यावर तेच बोलतील, पोर आईकडे गेली आणि मुतायला लागली म्हणून टाळ्या देतील, हे तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. म्हणून तिने चादरी अंगणातल्या दोरीवर टाकणं बंद केलं. दारं लावून घेऊन ती आतल्या खोलीत हीटरसमोर खुर्च्यांवर चादरी वाळवायची. पावसाळी दिवस, चादरी धड वाळायच्या नाहीत, आणि घराला एक आंबूस वास लागला. संध्याकाळनंतर दिहियाला ती पाण्याचा थेंब देईना. पोर कोरड्या घशाने झोपायची आणि तरी सकाळी ओली निघायची. मोक्रानने डॉक्टरचं नाव काढलं की ती म्हणायची, होईल बरी, लहान आहे.

समोरच्या घरात काय चाललं आहे याचा ती अंदाज घेत राहिली. मल्हा काही विचारत नव्हती. दिहिया दिसली की हाक मारायची, गाल कुरवाळायची आणि सोडून द्यायची. खायला मात्र काही देत नव्हती, कारण तसं ताउसने बजावलं होतं. मल्हाच्या या शहाणपणाचाही ताउसला राग यायचा.

डिसेंबरात ऑलिव्ह उतरवायला सगळं घर रानात गेलं. शनिवार होता, शाळेला शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. ताउस झाडाखालच्या जाळीवरून फळं गोळा करत होती. दिहिया बराच वेळ दिसली नाही म्हणून ती शोधायला निघाली, तर खालच्या बांधाला पोर मल्हाच्या मांडीवर बसलेली. हातात भाकरीचा तुकडा, हनुवटीवरून तेल ओघळतंय, आणि मल्हा अंजीर फोडून तिच्या तोंडात घालते आहे. चार वर्षं जशी बसायची तशीच ती बसली होती.

ताउसने तिला दंडाला धरून उठवलं. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. माझ्या पाठीमागे पोरीला फितवता, हिच्या मनात माझ्याविषयी विष कालवता, तुमचे तिघे गेले म्हणून माझी एक हवी आहे का तुम्हाला, असं ती बोलून गेली. अक्ली शिडीवरून बघत राहिला. दिहिया रडायला लागली.

मल्हाने मांडीवरचे भाकरीचे तुकडे झटकले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज चढला नाही.

"ती शी करायला शेवटची कधी गेली होती?" तिने विचारलं.

"काय?"

"परसाकडे कधी गेली होती, ते विचारते आहे. काल? परवा?"

ताउसला ते माहीत नव्हतं. शाळेत मुलं आपापली जातात. घरी दिहिया जाऊन यायची, लवकर बाहेर यायची, आणि आतून काय झालं हे कधी कुणी पाहिलं नव्हतं. मल्हा उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि घराकडे निघून गेली. समोरच्या बाईला हे विचारायचं सुचलं आणि आपल्याला नाही, हे त्या क्षणी ताउसला झालेल्या भांडणापेक्षाही जास्त झोंबलं.

सोमवारी मोक्रानने रजा टाकली आणि दोघं दिहियाला घेऊन शहरातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई वयस्कर होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी लघवी तपासून घेतली, साखर नाही, जंतू नाहीत असं सांगितलं. मग दिहियाला निजवून तिचं पोट हलक्या हाताने दाबलं, आणि ताउसचा हात धरून त्याच जागी ठेवला. बेंबीच्या खाली डाव्या अंगाला काहीतरी टणक, खड्यांसारखं हाताला लागत होतं.

आतडं भरून गेलंय, बाई म्हणाल्या. ते मूत्राशयाला दाबतं, मग झोपेत त्याला धरवत नाही. पोरीचा यात काही दोष नाही. खाण्यात अलीकडे काही बदल झालाय का? ताउसने पाव सांगितला, चीज सांगितलं, पास्ता सांगितला. दुधाचे तीन पेले सांगताना तिचा आवाज खाली गेला. बाईंनी नुसतं लिहून घेतलं. याआधी काय खायची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ताउसने मोक्रानकडे पाहिलं आणि त्याने सांगितलं. भाकरी, अंजिरं, मसूर, पालेभाजी.

"मग औषध तर घरातच आहे तुमच्या," बाई म्हणाल्या.

पोट साफ व्हायला पाण्यात कालवायची भुकटी त्यांनी लिहून दिली, ती दोन-तीन महिने चालू ठेवा म्हणाल्या. पाणी तोडू नका, दिवसभर पाजा. जेवणानंतर दहा मिनिटं पोरीला शौचाला बसवा, पायांखाली पाट द्या. दूध एका पेल्यावर आणा. ओलं झालं तर बोलू नका. लगेच थांबणार नाही, धीर धरा.

घरी येऊन ताउसने जवाचं पीठ मागवलं. तीन दिवस ती भाकरी करून पाहत होती. एकदा चिरली, एकदा तव्याला चिकटली, एकदा चामड्यासारखी झाली. दिहियाने चावून पाहिली आणि हळूच बाजूला ठेवली. आईला वाईट वाटू नये म्हणून तिने ती इतकी जपून ठेवली की ताउसला रडू आलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती अंगण ओलांडून गेली. ते पंचवीस पावलांचं अंतर होतं. मल्हा चुलीपाशी होती. ताउसने डॉक्टरीण जे म्हणाल्या ते सगळं सांगितलं, रानात बोलले ते वाईट बोलले असंही म्हणाली. दुपारचं जेवण पुन्हा इथे व्हावं हे मात्र तिला म्हणता येईना.

मल्हाने पीठ मळायचं थांबवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"चादरींचं. पहिल्या आठवड्यात तू एक दोरीवर टाकली होतीस. माझ्या मधल्याला असंच झालं होतं, त्याचा बाप शहरातून पाव आणायला लागला तेव्हा. मी बघितल्याबरोबर ओळखलं." तिने हाताला लागलेलं पीठ चोळून काढलं. "आणि मला बरं वाटलं. म्हटलं, बघू देत तिला. महिना-दीड महिना पोर भिजत होती आणि मी इथून बघत होते. त्या दिवशी रानात तिने पोट धरलं, तेव्हा राहवलं नाही."

ताउसला संताप यायला हवा होता. तो आलाही, कानशिलं तापली. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते तिला ओळखीचं वाटलं. समोरची बाईही तिच्यासारखीच जळत होती. चार वर्षं तिला वाटत होतं की जळणारी आपण एकटीच आहोत आणि मल्हा नुसती भरल्या घरात तृप्त बसली आहे.

"पोरीसाठी तरी सांगायचंत," ती म्हणाली.

"सांगायला हवं होतं," मल्हा म्हणाली. तिने सारवासारव केली नाही.

मग मोक्रानने मध्ये पडून ठरवलं, खरं तर दोघींनी त्याच्या तोंडून वदवून घेतलं, की रविवार ते मंगळवार दिहिया दुपारी मल्हाकडे जेवेल. अक्ली तिला शाळेतून गाढवावर बसवून आणेल. बुधवार-गुरुवारी ती आईबरोबर डबा खाईल, आणि डब्यात मसूर असेल. भाकरी शिकायला ताउस दर शुक्रवारी सकाळी मल्हाच्या चुलीशी बसायला लागली. मल्हा पिठात आणखी काय टाकते ते ती बघायची. चौथ्या शुक्रवारी तिच्या लक्षात आलं की आपण यायच्या आधीच मल्हाने परातीत काहीतरी मिसळून ठेवलेलं असतं. तिने विचारलं नाही. मल्हानेही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत पोरीचं पोट मऊ झालं. अंथरूण मात्र जानेवारीभर मधूनमधून भिजत राहिलं. ताउस आता चादरी उघडपणे दोरीवर टाकायची, आणि पाऊस आला तर दोघींपैकी जी घरी असेल ती काढून घ्यायची. फेब्रुवारीत, डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं तेव्हा, दिहिया सलग तीन आठवडे कोरडी उठली. चौथ्या आठवड्यात एकदा ओली निघाली, आणि भिंतीकडे तोंड न करता तिने आईला हाक मारून सांगितलं.

त्या दिवशी मंगळवार होता. दुपारी ताउस शाळेच्या खिडकीत एकटी डबा खात बसली होती. खालच्या रस्त्यावरून अक्लीचं गाढव चढ चढत होतं, त्यावर दिहिया पाय हलवत बसली होती, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. ताउसला तेच जुनं जळणं पुन्हा जाणवलं. ते तिने जळू दिलं, घास चावून गिळला आणि पुढच्या तासाची वही उघडली.