हाताचे दोन फेरे

गॅरेजात हाताखाली काम करणारा मेहुणा त्याला दाजी म्हणायचा, म्हणून अख्खं गॅरेज दाजी म्हणायचं, गिऱ्हाइकंसुद्धा. इंजिनमधले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी टायमिंग चेन बसवावी तर दाजीनेच, असा त्याचा लौकिक. आणि त्याचा एक नियम होता. चेनच्या पिवळ्या कड्या गिअरवरच्या खुणांसमोर आल्या, तरी लगेच चावीला हात लावायचा नाही. आधी पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. कुठे अडलं तर तिथेच थांबायचं. बारा वर्षं हे त्याने मेहुण्याच्या डोक्यात कुटून कुटून भरलं होतं.

एका नर्सबाईंच्या गाडीला मात्र त्याने स्वतःच ते फेरे दिले नाहीत. त्यात वर्षभर त्याला जवळचं धूसर दिसत होतं, आणि चष्म्याचं नाव काढलं की स्वारीचा पारा चढायचा. मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, एकदा हाताने फिरवून बघू या?"

"आता तू मला शिकवणार?" म्हणत दाजीने चावी फिरवली. आतून खाडकन आवाज आला आणि इंजिन गप्प झालं. चेन दोन दात चुकली होती. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले होते.

घरोघरी रुग्णांना बघायला जाणाऱ्या नर्सबाई गाडी न्यायला आल्या, तेव्हा दाजीच्या तोंडून निघून गेलं, "चेन ह्याने लावली. घाई केली." मेहुण्याने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि तो हात पुसत राहिला. तो फाडकन उलटून बोलला असता तर बरं झालं असतं.

"माझा भाऊ आज जेवायला का नाही आला?" घरी बायकोने विचारलं. दाजी ताटावरून उठला.

चार दिवसांनी नवे व्हॉल्व्ह बसले. चेन लावायच्या वेळी नर्सबाई स्टूल ओढून समोरच बसल्या. "ह्यांना हात लावू देऊ नका. तुम्हीच लावा."

दाजीने दिवा जवळ घेतला, मान मागे नेली, पुढे आणली. पिवळी कडी काही केल्या सापडेना. तेवढ्यात बाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मेहुणा पुटपुटला, "एक कडी डावीकडे, दाजी."

दाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चेन खाली ठेवली.

"बाई, त्या दिवशीही मीच लावली होती. मला खुणा दिसत नाहीत. ह्याच्यावर मी खोटं ढकललं."

बाई स्टूलवरून उठल्या. मग मेहुण्याला म्हणाल्या, "तुम्ही लावा."

मेहुण्याने चेन बसवली आणि पाना दाजीपुढे धरला. दाजीने दोन फेरे सावकाश फिरवले. कुठेच अडलं नाही. मान वर न करता तो म्हणाला, "आज जेवायला ये."

"ताईला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग आधी तिला सांगा," मेहुणा म्हणाला. "मग येतो."